अकरा

वाल्दिव्हियात संध्याकाळी जेवत नाहीत, 'अकरा' घेतात.
चहा, पाव, लोणी, कुस्करलेला अवोकाडो,
आणि या सगळ्याला नाव एका आकड्याचं.
का, ते कुणी धड सांगत नाही.
आई म्हणायची, कुणाला तरी काहीतरी मोजायचं होतं,
तेवढ्यात पाव आला गरम
आणि मोजणं राहून गेलं.

माझ्याकडे एकोणतीस प्रश्न आहेत.
डच भाषेत जन्मलेले, माद्रिदमध्ये स्पॅनिश शिकलेले,
आमच्या दवाखान्यात आले ते अजून थोडे परके.
पाच रकाने. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, पुष्कळदा, नेहमी.
चौथ्याच प्रश्नाला गाडी अडते:
रात्रीच्या जेवणात हात आखडता घेता का?
'रात्रीचं जेवण? ते आम्ही घेतच नाही.'
आणि मी अख्ख्या नदीकाठाला
संयमाचे पैकीच्या पैकी गुण देऊन बसते.

इझ्मिरहून नुरहान लिहिते:
इथे 'नको' तीनदा म्हणायचं असतं.
पहिलं रीत म्हणून, दुसरं लाज म्हणून,
तिसऱ्यापर्यंत ताट वाढलेलं असतं.
यातलं कुठलं धरू?
आग्रहाला रकाना नाही.
मी उत्तर दिलं नाही तिला. मलाही ठाऊक नव्हतं.

मंगळवारी सुनिल्दा ओयार्से आल्या.
बूट काढले, लोकरीचं जाकीट काढलं,
केसातल्या पिना काढून माझ्या टेबलावर रांगेत मांडल्या,
तरी एकशे चार.
'काट्याला सांगा, मी त्याच्याशी भांडायला आले नाही.'

एकटं असताना जास्त खाता का?
'मी एकटी खातच नाही.'
खूण केली. कधीच नाही.
समोरचा खात असेल तर तुम्हालाही थांबवत नाही का?
त्या हसल्या. 'नेहमी. लिहा, नेहमी.'
समोर कोण असतं?
'एलिएसेर.'

एलिएसेर उत्तरेत, कालामाच्या खाणीत, वाळवंटात.
सात दिवस पाळी, सात दिवस सुट्टी,
सुट्टी बायकोची, मुलांची.
पाळीतली संध्याकाळ आईची.
पावाच्या टोपलीला टेकवून ठेवलेला फोन,
पलीकडे कॅन्टीनचा ट्रे, भात, मांस, हेल्मेटचा वळ कपाळावर.
तो खातो तोवर बोलतो.
तोंड पुसलं की म्हणतो, 'बरं आई, तुझंही झालं ना?'

'म्हणून माझं होऊ देत नाही मी.
अजून अर्धा पाव घेते. त्याला दिसेल असा.
आई खातेय म्हटल्यावर मधेच उठत नाही तो,
तेवढं वळण लावलंय.'

पोट भरलेलं कळतं का तुम्हाला?
'सात वाजून दहा मिनिटांनी कळतं.'
आणि थांबता कधी?
'आठला. कधी सव्वाआठ.
एकदा नऊ वाजले होते, त्याच्या यंत्राचा पट्टा तुटला तेव्हा.'
हे त्यांनी सणाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

कॉम्प्युटरनं बेरीज केली.
'बाह्य प्रभावाखाली खाणे: तीव्र.'
बाह्य म्हणजे चौदाशे मैलांवरचं, पण ते त्याला कुठून कळणार.
महिनाअखेर सगळी शहरं एका तक्त्यावर येतील,
आमचा ठिपका उत्रेख्तच्या किंचित उजवीकडे,
आणि त्या किंचितवर कुणीतरी निबंध वाचेल.

घरी जाताना मासळीबाजारावरून गेले.
फळकुटांवर समुद्रसिंह पसरलेले,
एकेक तीनशे किलोचा, सामन माशांची डोकी गिळत,
पर्यटक फोटो काढत होते, 'काय देखणा आहे!' म्हणत.
त्यांना कुणी विचारत नाही, उदास असताना खाता का.

मीसुद्धा ओट्याशी उभ्यानंच पाव खाल्ला,
फॉर्म चाळत, दिवा न लावता.
आठ वाजून पाच.
पेन्सिलीनं समासात लिहिलं, ओयार्से, प्रश्न अकरा:
'घास बारीक घेते. पुरवून खाते.'

समासातलं धरत नाहीत, ते मला माहीत आहे.
खोडायला रबर शोधत होते,
मग चहा ठेवला.